ट्यूब फडफडतेय? वायरमनला फोन करण्याआधी हे वाचा : तारनाक्यातल्या भाड्याच्या खोलीत काय स्वतः करावं, कुठे हात लावू नये

तारनाका (हैदराबाद) : रात्रीचे साडेनऊ. खोलीतली एकुलती एक ट्यूब आधी फडफडते, मग दोन्ही टोकांना नारिंगी होऊन तशीच अडकून बसते. सकाळी पेपर आहे. घरमालक वरच्याच मजल्यावर राहतात, पण त्यांचं उत्तर ठरलेलं : "ट्यूब-बल्ब तुमचं तुम्ही बघा." वायरमनला फोन केला तर "उद्या बघू" म्हणतो, आणि आला की नुसत्या येण्याचेच दोनशे-अडीचशे होतात. बिघाड मात्र बऱ्याचदा दहा-वीस रुपयांच्या स्टार्टरमध्ये असतो.

तारनाक्याला भाड्याने राहणाऱ्या मराठी मुलांना आणि कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय पोषण संस्था, आयआयसीटी, सीसीएमबी, पुढे हबसीगुड्याला एनजीआरआय आणि मागे लालागुड्याची रेल्वे वसाहत. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू होईपर्यंत मराठवाड्यातल्या मुलांचं विद्यापीठ म्हणजे उस्मानियाच. आजही नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडून आलेला माणूस काचीगुड्याला किंवा सिकंदराबादला उतरला की तारनाका त्याला लांब वाटत नाही. या भागाच्या नावातच तार आहे. निजामाच्या काळात इथे तारेचं कुंपण आणि पहाऱ्याचा नाका होता, त्यावरून तार-नाका, असं सांगितलं जातं.

तर प्रश्न असा, की छतावरची किंवा भिंतीवरची लाईट स्वतः दुरुस्त करता येते का? येते. त्यात पैसे वाचतात का? वाचतात, पण प्रत्येक वेळी नाही. आणि जीव धोक्यात येतो का? एकच गोष्ट माहीत नसेल तर येतो. म्हणून आधी तीच.

बटन बंद केलं म्हणजे करंट बंद झाला असं नाही

घरातल्या लाईटला दोन वायरी जातात, एक फेज आणि एक न्यूट्रल. करंट मारते ती फेज. नियमाप्रमाणे बटन फेजच्या वायरीत असायला हवं, म्हणजे बटन बंद केलं की लाईटपर्यंत फेज पोचतच नाही. पण जुन्या घरात, चार वेळा रंगरंगोटी आणि सहा वेळा दुरुस्ती झालेल्या बोर्डात, कोणीतरी कधीतरी वायरी अदलाबदल केलेल्या असतात. मग बटन न्यूट्रल तोडतं. लाईट विझते, अंधार होतो, माणूस निर्धास्त होतो, आणि होल्डरमध्ये फेज तशीच बसून असते. लोखंडी खाटेवर किंवा ॲल्युमिनियमच्या शिडीवर उभं राहून तिथे बोट लावलं की झटका बसलाच.

याची एक खूण रात्री दिसते. एलईडी बंद केल्यावरही ती काजव्यासारखी मंद उजळत राहते. बटनात छोटा इंडिकेटर असला किंवा वायर फार लांबून आलेली असली तरी असं होऊ शकतं, त्यामुळे हा पक्का पुरावा नव्हे. पण असं दिसलं तर बटन न्यूट्रलमध्ये आहे असंच धरून चालावं.

दुसरा सापळा इन्व्हर्टरचा. पुष्कळ लोक सावधगिरी म्हणून मेन स्विच पाडतात. इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच घरातल्या दिवे-पंख्यांना वीज द्यायला लागतो. घरात इन्व्हर्टर असतो तो मुख्यतः याच दिव्यांसाठी. म्हणजे मेन बंद करून ज्या वायरीला आपण सुरक्षित समजलो, नेमकी तीच जिवंत राहते. उलटही होतं. इन्व्हर्टरच्या पुढचं बटन बंद केलं तरी बऱ्याच इन्व्हर्टरमधून मेनची वीज सरळ पुढे जात असते. म्हणून मेन किंवा त्या लाईटची एमसीबी आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद करायचे. भाड्याच्या घरात इन्व्हर्टर मालकाच्या जिन्यात ठेवलेला असतो आणि भाडेकरूला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा विचारून घ्यावं. लाजायचं काही कारण नाही.

तिसरी गोष्ट टेस्टरची. स्क्रू ड्रायव्हरसारखा दिसणारा, आत छोटा निऑन दिवा असलेला टेस्टर स्वस्तात मिळतो आणि घरात असायलाच हवा. वापरायची पद्धत मात्र फार थोडे पाळतात. आधी ज्या सॉकेटमध्ये नक्की करंट आहे तिथे तो लावून पेटतो का पाहायचं. मग काम करायच्या जागी दोन्ही वायरींना लावायचं. मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये लावून टेस्टर मधल्या वेळात बिघडला नाही ना, ही खात्री करायची. टेस्टर पेटला नाही याचे दोन अर्थ होतात, करंट नाही किंवा टेस्टरच मेला.

कधी कधी टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो. "दोन्हीकडून करंट येतोय" म्हणून लोक घाबरतात. प्रत्यक्षात न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असते. फेज दिव्यातून फिरून तुटलेल्या न्यूट्रलवर परत आलेली असते, म्हणून दोन्हीकडे उजेड दिसतो आणि दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी ट्यूब, चोक, स्टार्टर काहीही बदललं तरी उपयोग शून्य. दोष बोर्डात, जोडणीत किंवा त्याच्याही मागे आहे, आणि ते काम वायरमनचं.

कायदा आडवा येतो का?

बऱ्याच जणांना वाटतं, घरातल्या विजेला हात लावणंच बेकायदा आहे. तसं नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत म्हटलं होतं की वीज जोडणीचं नवं काम, वाढ, फेरफार, दुरुस्ती हे परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं. पण दिवे, पंखे, फ्यूज, बटनं, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलणं याला त्यातून सूट होती. अट एकच, बदलामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. ही सूट त्याआधीच्या १९५६ च्या नियमांतही होती.

सोप्या भाषेत, जुनी ट्यूब काढून नवी लावणं, होल्डर बदलणं, एका पट्टीच्या जागी दुसरी पट्टी बसवणं हे माणूस स्वतः करू शकतो. नवीन पॉइंट काढणं, भिंतीतून वायर ओढणं, दिव्याच्या लाईनवर गीझर किंवा शेगडी चढवणं हे नाही. मीटर आणि त्याच्या पलीकडचं तर वीज कंपनीचंच.

जुनी ट्यूब : स्टार्टर, चोक की ट्यूबच?

तारनाक्याच्या जुन्या घरांत तांब्याच्या चोकची चार फुटी ट्यूब अजून दिसते. सीमेच्या अलीकडच्या गावांत तर आणखी जास्त. ती चालते कशी हे एकदा कळलं की बिघाड ओळखणं अवघड राहत नाही.

ट्यूबच्या दोन्ही टोकांना बारीक तारेचं वेटोळं असतं. बटन दाबलं की करंट चोकमधून, एका वेटोळ्यातून, स्टार्टरमधून आणि दुसऱ्या वेटोळ्यातून जातो. दोन्ही टोकं तापतात. मग स्टार्टर झटकन सर्किट तोडतो, त्या धक्क्याने चोक क्षणभर मोठं व्होल्टेज फेकतो आणि ट्यूब पेटते. पेटल्यावर चोकचं काम करंटला लगाम घालायचं. स्टार्टरचं काम संपलेलं असतं. म्हणूनच ट्यूब लागल्यावर स्टार्टर काढला तरी ती विझत नाही. जुने वायरमन हे करून दाखवायचे आणि पोरं तोंड वासून बघायची.

आता लक्षणं. टोकं नारिंगी होऊन तशीच राहिली, मधला भाग काळोखा, तर स्टार्टर आत चिकटलेला आहे. तो सर्किट तोडतच नाही. फिरवून काढायचा, त्याच मापाचा नवा लावायचा, विषय संपला. वरच्या प्रसंगातल्या ट्यूबचं दुखणं हेच.

ट्यूब सारखी फडफडते, लागते-विझते, तर आधी टोकं पाहावीत. काळी पडली असतील तर ट्यूब म्हातारी झाली, स्टार्टर बदलून चार दिवस ढकलता येतील इतकंच. टोकं स्वच्छ असतील तर स्टार्टर. आणि दोन्ही ठीक असून फक्त संध्याकाळी, सगळीकडे दिवे-कूलर सुरू झाल्यावर फडफड होत असेल तर व्होल्टेज कमी आहे. उन्हाळ्यात गावाकडे हे रोजचं. घरात काही बदलून ते जाणार नाही.

काहीच होत नाही, टोकंही लाल होत नाहीत, तर पहिल्यांदा ट्यूब होल्डरमध्ये नीट बसली आहे का ते पाहावं. वीज बंद करून ट्यूब पाव फेरी फिरवून पुन्हा बसवावी. पिनांवर गंज किंवा रंगाचे शिंतोडे असतील तर पुसावेत. दिवाळीच्या रंगकामानंतर "ट्यूब गेली" म्हणून जितक्या ट्यूबा फेकल्या जातात, त्यातल्या काही नुसत्या रंगाने अडलेल्या असतात. तरी नाही लागली तर तीच ट्यूब दुसऱ्या खोलीतल्या चालू पट्टीवर लावून बघायची. तिथे लागली तर इथला चोक किंवा जोडणी गेली. तिथेही नाही लागली तर ट्यूब गेली. एवढ्या एका अदलाबदलीने निम्मा खर्च वाचतो, कारण दुकानदाराला "सगळंच द्या" म्हणावं लागत नाही.

चोक गुणगुणत असेल तर बहुतेक वेळा त्याचे स्क्रू सैल असतात. पण जळका वास येत असेल, चोकचा रंग काळवंडला असेल, पट्टीचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापत असेल, तर तो त्याच दिवशी काढावा.

एक जुगाड मात्र करूच नये. स्टार्टर नसला की दोन उघड्या वायरी एकमेकींना टेकवून, झटक्यात वेगळ्या करून ट्यूब पेटवणारे हुशार लोक प्रत्येक गल्लीत असतात. स्टार्टर जे करतो तेच ते हाताने करतात. फरक असा की चोकचा तो मोठ्या व्होल्टेजचा धक्का मग स्टार्टरच्या डबीत नाही, बोटांच्या जवळ निघतो. वीस रुपयांसाठी हे नको.

एलईडी पट्टी : गेला ड्रायव्हर की गेली चिप?

नव्या फ्लॅटमध्ये चोकही नाही, स्टार्टरही नाही. एलईडी पट्टीच्या आत दोन गोष्टी असतात. एक ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टच्या एसी विजेचं चिपला सोसेल अशा डीसीत रूपांतर करणारी छोटी डबी. दुसरी, चिपांची लांब फीत. चिपा एकामागे एक साखळीत जोडलेल्या असतात, त्यामुळे एक चिप तुटली की साखळीतल्या सगळ्या विझतात. वरचं प्लॅस्टिक काढल्यावर एखाद्या चिपवर काळा ठिपका दिसला तर दोषी तीच.

पट्टी ठरावीक अंतराने लुकलुकत असेल, किंवा काही मिनिटं चालून विझते आणि थंड झाली की पुन्हा लागते, तर ड्रायव्हर थकला आहे किंवा एखादी चिप तापल्यावर सुटते आहे. अजिबात लागत नाही आणि चिपांवर काळा ठिपका नाही, तर संशय ड्रायव्हरवर. वेगळा ड्रायव्हर असलेल्या पट्टीत तो बदलणं घरी जमण्यासारखं आहे. येणाऱ्या दोन वायरी, जाणाऱ्या दोन वायरी. जाणाऱ्यांना अधिक-उणे असतं, ते उलटं झालं तर पट्टी लागत नाही. वीज बंद करूनही लगेच हात घालू नये, ड्रायव्हरमधला कपॅसिटर थोडा वेळ चार्ज धरून ठेवतो. पाच मिनिटं थांबावं, चहा घ्यावा.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे फक्त वॉट बघून ड्रायव्हर आणणं. "वीस वॉटचा द्या" एवढं पुरत नाही. ड्रायव्हरच्या लेबलवर आउटपुटच्या पुढे दोन आकडे असतात, व्होल्ट आणि मिलीअँपिअर. दोन्ही जुन्याशी जुळले पाहिजेत. मिलीअँपिअर जास्त झाले तर पट्टी पहिल्या दिवशी झकास उजेड देते आणि थोड्याच दिवसांत चिपा एकेक करून जळतात. म्हणून जुना ड्रायव्हर खिशात घालूनच दुकानात जावं.

बल्बचं गणित वेगळं. मोबाईलवर एक व्हिडिओ सतत फिरत असतो : जळलेल्या चिपवर सोल्डरचा थेंब टाका, बल्ब पुन्हा चालू. चालू होतो, हे खरं. पण छोट्या बल्बमध्ये चिपा मोजक्याच असतात, एक वगळली की बाकीच्यांवर ताण येतो आणि काही दिवसांत दुसरी जाते. त्याहून महत्त्वाचं, आजच्या अनेक स्वस्त बल्बांत ड्रायव्हर वेगळा नसतो, चिपांच्याच पाटीवर बसवलेला असतो. झाकण काढलेला असा बल्ब चालू असताना त्या पाटीवरचं सगळं थेट मेनशी जोडलेलं असतं. व्हिडिओतला माणूस झाकण न लावता बल्ब होल्डरमध्ये फिरवतो, ते तर बघतानाच अंगावर काटा येतो.

आणि एवढं करून वाचतात किती? जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेच्या काळात सरकारी खरेदीतला एलईडी बल्बचा भाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला होता. बल्ब ही आता दुरुस्तीची नाही, वॉरंटीची वस्तू आहे. चांगल्या कंपन्या एक-दोन वर्षांची वॉरंटी देतात, उजालाच्या बल्बला तर तीन वर्षांची होती. पण वॉरंटी मागायला बिल लागतं, आणि बिल मागितलं की दुकानदार जीएसटीची गोष्ट काढतो. तरी मागावं. बल्बच्या खोक्यावर तारीख लिहून त्यातच बिल ठेवण्याची सवय स्वस्तातली आहे.

सामान कुठे?

स्टार्टर, होल्डर, टेप, टेस्टर, साधी पट्टी हे तारनाक्याच्या चौकात, हबसीगुड्यात, मेट्टुगुड्यात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. त्यासाठी लांब जाऊ नये. ड्रायव्हर, चिपांच्या फिती, सोल्डर, कपॅसिटर अशा सुट्या वस्तूंसाठी मात्र कोठीची गुजराती गल्ली. फॅन्सी फिटिंग पाहायचं असेल तर तिथूनच जवळ ट्रूप बाजार. तारनाक्याहून मेट्रोने परेड ग्राउंडला उतरून हिरवी लाईन धरली की सुलतान बाजार स्टेशन, पुढे पायी. ऐंशी रुपयांच्या ड्रायव्हरसाठी जाण्या-येण्याचं तिकीटही हिशेबात धरावं, नाहीतर बचत मेट्रोतच जाते. मित्रांचं, शेजाऱ्यांचं सामान एकत्र आणलं तर परवडतं.

भाषेची चिंता नको. तेलुगू येत नसेल तर दखनी चालते : "भैया, ये नंबर का ड्रायवर होना." इथे "होना" म्हणजे "पाहिजे", हे नवख्या मराठी माणसाला एक-दोन दिवसांत कळतंच. आणि शेजारच्या घरातून "करंट पोयिंदि" ऐकू आलं तर लाईट आपल्या एकट्याची गेलेली नाही, स्टार्टरला दोष देऊ नये.

जुन्या पट्टीवर एलईडी ट्यूब लावताना

जुनी पट्टी तशीच ठेवून फक्त ट्यूब एलईडीची घ्यायची, हा स्वस्त मार्ग. पण ट्यूबा तीन तऱ्हेच्या येतात आणि खोक्यावरची आकृती कोणी बघत नाही.

काही ट्यूबा जुन्या चोकवरच चालतात, फक्त सोबत आलेला वेगळा स्टार्टर बसवायचा. काहींना चोक-स्टार्टर काढून एका टोकाला फेज आणि दुसऱ्या टोकाला न्यूट्रल द्यावी लागते. काहींना फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांवर लागतात, दुसरं टोक नुसतं धरण्यापुरतं. पहिल्या प्रकारची जोडणी असलेल्या पट्टीत तिसऱ्या प्रकारची ट्यूब लावली की एक तर ती लागत नाही, नाहीतर जळते.

खरा धोका पुढच्या माणसाला. एकाच टोकाला फेज-न्यूट्रल दिलेल्या पट्टीत उद्या कोणी साधी जुनी ट्यूब लावली तर तिच्या टोकातल्या वेटोळ्याला मध्ये चोक नसताना थेट २३० व्होल्ट मिळतात. वेटोळं क्षणात जळतं, एमसीबी पडली तर नशीब. दोन टोकांच्या जोडणीत, वीज चालू ठेवून ट्यूबचं एक टोक बसवलं आणि दुसरं हातात असलं, तर काही ट्यूबांत हातातल्या पिनांवर करंट येऊ शकतो. म्हणून ट्यूब नेहमी वीज बंद करूनच बसवायची. आणि बदल केला की पट्टीवर मार्करने किंवा कागद चिकटवून लिहायचं : चोक काढला आहे, एलईडी ट्यूबच लावा, फेज अमुक टोकाला. तेलुगूत किंवा हिंदीतही लिहून घेतलं तर आणखी चांगलं, पुढचा भाडेकरू मराठी असेलच असं नाही.

खरं सांगायचं तर आता वीस वॉटची तयार एलईडी पट्टी अडीचशे-तीनशेच्या आसपास मिळते. दोन स्क्रू, दोन वायरी. जुन्या पट्टीशी झटापट करण्यापेक्षा ती काढून नवी लावणं बहुतेकांना सोपं आणि सुरक्षित पडेल.

दुरुस्तीत वाचवले, बिलात घालवले?

चोक गेला म्हणून दोनशे रुपयांचा नवा चोक आणणं ही बचत आहे का? जुनी ४० वॉटची ट्यूब आणि तिचा चोक मिळून ५० ते ५५ वॉट खातात. तेवढाच उजेड २० वॉटची एलईडी देते. फरक ३०-३५ वॉटचा. रोज सहा तास धरले तर महिन्याला सहा युनिटच्या आसपास.

तेलंगणात २०२२ च्या दरपत्रकानुसार महिन्याला १०० च्या वर पण २०० युनिटच्या आत राहणाऱ्या घराला पहिल्या १०० युनिटला ३ रुपये ४० पैसे आणि पुढच्या १०० ला ४ रुपये ८० पैसे पडतात. म्हणजे एका ट्यूबमागे महिन्याला २९ रुपये. अभ्यासाच्या खोलीतली ट्यूब असेल तर नव्या पट्टीचे पैसे वर्षाच्या आत वसूल. उलट माळ्यावरची, न्हाणीघराबाहेरची, दिवसाला दहा मिनिटं लागणारी ट्यूब असेल तर स्टार्टर बदलून तीच चालवावी. तिथे एलईडीला घातलेले पैसे कित्येक वर्षं परत येत नाहीत.

पण सहा युनिटची किंमत कधी कधी २९ रुपयांपेक्षा बरीच जास्त असते. २०० युनिट जाळले तर वीज आकार ८२० रुपये. २०१ झाले की दर पहिल्या युनिटपासून बदलतो, पहिल्या २०० ला ५ रुपये १० पैसे आणि पुढे ७ रुपये ७० पैसे. बिल १,०२७ रुपये ७० पैसे. एका युनिटने दोनशे सात रुपयांचा फटका. गृहज्योती योजनेतल्या घरांना तर उंबरठा आणखी उंच. तेलंगणात मार्च २०२४ पासून पात्र रेशनकार्डधारकांना २०० युनिटपर्यंत शून्य बिल येतं, तो आकडा ओलांडला की पूर्ण बिल. बिदर, बेळगावकडच्या वाचकांनाही २०० चा आकडा ओळखीचा आहे, कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून याच नावाची योजना आहे, फक्त तिथे आधीच्या वर्षाच्या सरासरीचाही हिशेब असतो. महाराष्ट्रात असा एका युनिटचा कडा नसला तरी टप्प्यागणिक दर चढतच जातो. ज्या घरात चोकच्या तीन ट्यूबा आहेत आणि बिल दर महिन्याला १९५ ते २०५ मध्ये झुलतं, तिथे चोक दुरुस्त करणं म्हणजे बचत नाही.

कुठे थांबावं

वायरीचं रबर हाताला चिकटतंय किंवा तुकडे होऊन पडतंय, बोर्डातून कडकड आवाज येतोय, ओल आलेल्या छतात फिटिंग आहे, एमसीबी पुन्हा वर केली की पुन्हा पडतेय : स्टूलवरून खाली उतरावं आणि वायरमनला बोलवावं. पावसाळ्यात गळक्या स्लॅबखालच्या फिटिंगला तर टेस्टरही लावू नये, आधी एमसीबी पाडावी. घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आहे का हे मालकाला विचारून ठेवावं. करंट माणसाच्या अंगातून जमिनीत जायला लागला तर ती वीज तोडते. साधी एमसीबी हे काम करत नाही.

एकाच संध्याकाळी घरातले दोन-तीन दिवे एकदम गेले, काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर आणि काही मिणमिणते झाले, तर दोष दिव्यांचा नाही. बाहेर खांबावर किंवा इमारतीच्या जोडणीत न्यूट्रल सुटल्याचं ते लक्षण आहे. लगेच मेन बंद करावा, फ्रिज-टीव्हीचे प्लग काढावेत आणि १९१२ वर तक्रार करावी. अशा वेळी नवी पट्टी आणून लावली तर तीही त्याच रात्री जाते.

बाकी खबरदारी साधी. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दुसरी खुर्ची चढवून उभं राहू नये. लाकडी स्टूल, पायात कोरडी चप्पल, खाली एक माणूस. फुटलेल्या जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, म्हणून खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबावं, नंतर झाडू न फिरवता जाड कागदाने काचा गोळा कराव्यात आणि बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा. अशा ट्यूबा ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.

आणि भाडेकरूंसाठी एक शेवटचं. मालकाची काढलेली जुनी पट्टी, चोक, होल्डर भंगारवाल्याला देऊ नये. पिशवीत घालून, खोली नंबर लिहून माळ्यावर ठेवावं आणि मालकाला तसं मोबाईलवर कळवावं. खोली सोडताना जुनी पट्टी जशीच्या तशी बसवून आपली एलईडी बरोबर नेता येते, आणि डिपॉझिटमधून "फिटिंगचे पाचशे" कापायची वेळ येत नाही.